लांबी पुरेल रे, पण परत फिरता येईल का?

शहाद्याकडच्या एका विद्यार्थी वैमानिकाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "सेस्ना १७२ वर माझे सत्तर तास झालेत. नेपाळातल्या लुकलाची धावपट्टी ५२७ मीटर. आमच्या विमानाच्या पुस्तकात ५० फुटांचा अडथळा ओलांडून, उतरून थांबायला १३३५ फूट लिहिलंय, म्हणजे ४०७ मीटर. एकशेवीस मीटर शिल्लक राहतात. मग लोक तिला एवढं घाबरतात का? शॉर्ट फील्ड लँडिंग (आखूड पट्टीवर उतरणं) पक्कं असलं की झालं ना? आणि आपल्या तोरणमाळला अशी छोटी पट्टी केली तर?"

वयाने तू माझ्या मुलाएवढा असशील, म्हणून अरे-तुरे करतो. मी धुळ्यात शिकलो, पुढे बरीच वर्षं शिकवलं, आणि मधली चार वर्षं इंडोनेशियाच्या पापुआत डोंगरातल्या पट्ट्यांवर तांदूळ, रॉकेल आणि माणसं वाहिली. लुकलाला मी स्वतः विमान उतरवलेलं नाही. तिथलं सांगतो ते अभ्यासातून, बाकीचं हातातून.

आधी तुझं गणित. चुकलेलं नाही, पण ते दुसऱ्याच पट्टीचं आहे. १३३५ फूट हा आकडा समुद्रसपाटीवरचा, डांबरी किंवा काँक्रीटच्या, कोरड्या, सपाट पट्टीचा, वारा शून्य असतानाचा. पंखांमागचे फ्लॅप पूर्ण खाली, थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायचा दांडा) बंद, कचकचून ब्रेक, आणि ५० फुटांवर बरोबर ६१ नॉट. लुकला ९३३४ फुटांवर आहे आणि पट्टीला जवळजवळ १२ टक्के चढ आहे. तुझ्या पुस्तकातला उतरण्याचा तक्ता ८००० फुटांवरच संपतो. आडवा बघितलास तर ४० अंश तापमानावर संपतो. म्हणजे मे महिन्यात दुपारी आपल्या गोंदूरच्या पट्टीवर पारा ४४ ला टेकला की आपण घरच्या अंगणातच तक्त्याबाहेर असतो. हे किती जणांच्या लक्षात येतं?

इथूनच सुरुवात करू, कारण खानदेशातल्या पोराला डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) शिकायला हिमालयात जायची गरज नाही. धुळं साधारण ८०० फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान साडेतेरा अंशांच्या आसपास धरतात. ४४ अंश म्हणजे तीस अंश जास्त. प्रत्येक जादा अंशाला १२० फूट धर. विमानाला वाटतं आपण साडेचार हजार फुटांवर आहोत. उन्हाळ्यात दोघं बसून टाकी भरलेलं विमान कसं रडत रडत वर चढतं ते तू पाहिलं असशीलच. तोच हिशेब लुकलाला, १५ अंशांच्या छान सकाळी कर. साडेअकरा हजारांच्या वर जातोस.

आता याचा उतरण्याशी संबंध. वेगाच्या घड्याळात ६१ नॉटच दिसतील आणि तेच ठेवायचे, कारण स्टॉल (पंखांची उचल तुटणं) घड्याळातल्या वेगावर होतो. पण हवा विरळ, म्हणून जमिनीवर खरा वेग ७३ च्या घरात असतो. अंगात जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चाळीस टक्के जास्त. ही झाली पुस्तकी बाजू. वागण्यातली बाजू जास्त वाईट: बाजूची झाडं, घरं भराभर मागे जाताना दिसतात, मन म्हणतं "फार जोरात चाललोय", आणि हात नकळत नाक वर घेतो. घड्याळ न बघता डोळ्यांनी वेग धरणाऱ्यांचा घात असा होतो.

तरीही लांबी हा खरा प्रश्न नाही. १२ टक्क्यांचा चढ स्वतःच ब्रेक मारतो. पापुआत असल्या चढाच्या पट्टीवर अर्ध्यातच वेग संपायचा, आणि मग वरच्या सपाट जागेपर्यंत पोचायला इंजिन वाढवावं लागायचं. मध्येच थांबलास तर पुन्हा हलणं कठीण, आणि ब्रेक सुटला तर मागे घरंगळणं. लुकलाचे दोन अपघात बघ. ८ ऑक्टोबर २००८ ला ट्विन ऑटर धुक्यात शिरून पट्टीच्या खाली आदळलं, १९ पैकी १८ जण गेले, एकटा कॅप्टन वाचला. २७ मे २०१७ ला मालवाहू लेट ४१० पट्टीच्या अलीकडेच खाली गेलं, दोन्ही वैमानिक गेले. दोन्ही वेळा विमान पट्टी संपून पुढे गेलेलं नाही. पट्टी सुरू व्हायच्या आधीच खाली पडलेलं आहे.

का, हे समजून घे. तुझा मूळ प्रश्न मी असा फिरवून मांडतो: सपाटीवर शिकलेल्या वैमानिकाच्या हाती जी सगळ्यात मोठी सोय असते, नाही जमलं तर थ्रॉटल पुढे आणि पुन्हा फेरी, ती डोंगरात किती आधी संपते आणि ती संपल्याचं त्याला कळतं का?

लुकलाला पट्टीच्या वरच्या टोकाला डोंगर आहे. खालून वर उतरायचं, वरून खाली उडायचं. पापुआतल्या आमच्या बहुतेक पट्ट्या अशाच. तू म्हणशील, शेवटच्या क्षणी गो-अराउंड केला तर? करून बघू, कागदावर. साध्या इंजिनाची शक्ती साडेअकरा हजारांच्या हवेत दोन तृतीयांश उरते. सेस्ना एकशे बहात्तर तिथे मिनिटाला दोनशे फूट चढलं तरी नशीब समज, आणि तेवढ्या वेळात ते पुढे आठ-साडेआठ हजार फूट गेलेलं असतं. म्हणजे दोन-अडीच टक्के चढ. पट्टी स्वतः १२ टक्के चढते आणि तिच्यामागचा डोंगर त्याहून उभा. विमान वर जातंय हे खरं, पण जमीन जास्त वेगाने वर येतेय.

वळून जावं म्हणतोस? ऐंशी नॉट खऱ्या वेगाने, तीस अंश कलवून, वारा नसताना पूर्ण माघारी फिरायला सहाशे मीटर रुंदी लागते. शंभर नॉटला नऊशेच्या वर. आणि तू दरीच्या मधोमध उडत असलास तर अर्धी रुंदी आधीच वाया घालवलीस. म्हणून दरीत शिरताना एका बाजूला चिकटून उडायचं, म्हणजे दुसरी सगळी बाजू वळायला मोकळी राहते. हे वाक्य मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कळलं तीन महिन्यांनी.

यातलं मिक्श्चरचं (इंधन-हवेच्या मिश्रणाचं) कलम खास आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी. आपण सपाटीवर उतरण्याआधीची यादी म्हणतो तेव्हा "मिक्श्चर फुल रिच" हे तोंडपाठ असतं. उंच पट्टीवर ते केलंस तर इंजिनाला गरजेपेक्षा जास्त इंधन मिळतं, आणि ज्या दोन तृतीयांश शक्तीवर तू भिस्त ठेवलीस तीही पूर्ण मिळत नाही. पाठांतर चांगलं, पण कुठल्या उंचीचं पाठ आहे तेही माहीत हवं.

आता डोळ्यांचा घोटाळा. यावर जरा रेंगाळतो, कारण माझी स्वतःची चूक इथलीच. सपाट पट्टीकडे तीन अंशांनी येताना जे चित्र दिसतं ते आपल्या डोक्यात छापलेलं असतं. १२ टक्के चढ म्हणजे जवळपास सात अंश. अशा पट्टीकडे तीन अंशांनी आलास की ती डोळ्याला दहा अंशांसारखी, उभी लांबलचक दिसते. डोकं ओरडतं, "फार वर आहेस!" त्यात पट्टी अरुंद असेल तर हाच भास आणखी वाढतो, कारण अरुंद पट्टी लांब असल्यासारखी वाटते. दोन्ही भास एकाच दिशेने ढकलतात: खाली ये, खाली ये. गंमत बघ, त्या पट्टीचं घरच्यासारखं चित्र दिसावं म्हणून हट्ट धरलास तर तुला तिच्या पातळीच्या खालून, चढत चढत यावं लागेल. म्हणजे डोंगराच्या पोटातून.

प्रशिक्षण घेतानाची माझी चौथी की पाचवी लँडिंग. सकाळ स्वच्छ, वारा नाही, सगळं कसं छान. मला पक्कं वाटलं की आपण उंच आहोत, म्हणून थ्रॉटल मागे घेतलं. शेजारच्या कॅप्टनने काहीही न बोलता माझ्या हातावर हात ठेवला आणि थ्रॉटल पुढे नेलं. पट्टीच्या तोंडाशी एक ओढा होता आणि ओढ्याच्या अलीकडे उभा कडा. त्या कड्याची कपार मला समोर दिसली, खाली नाही. उतरल्यावर त्याने एकच विचारलं, उंचीचं घड्याळ शेवटचं कधी बघितलंस? मी गप्प. तेव्हापासून प्रत्येक नव्या पट्टीसाठी वहीत आकडे लिहायचे ठरवलं: अमुक वळणावर एवढी उंची, अमुक झाडावर एवढी, एवढा वेग. डोळे म्हणतील ते ऐकायचं, पण सही आकड्यांची.

चढाच्या पट्टीवर फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, तोही वेगळा. सपाटीवर तीन अंश खाली येणारं विमान आडवं केलं की चाकं टेकतात. इथे तीन अंश खाली येणारं विमान सात अंश वर वळवायचंय, म्हणजे दहा अंशांचा फरक. त्याला वेग खर्च होतो, म्हणून थोडी शक्ती हातात ठेवून यावं लागतं. तुझी शॉर्ट फील्डची सवय, थ्रॉटल बंद करून किमान वेगाने टेकणं, इथे उलटी पडू शकते. कोणत्या विमानाला किती वेग जादा, हे विमानावर आणि पट्टीवर अवलंबून. त्याचा एक आकडा मी देणार नाही, आणि कोणी दिला तर घेऊ नकोस.

वाऱ्याकडे येतो. आमच्याकडे एक मेकॅनिक आप्पा होते, पारोळ्याकडचे. विद्यार्थ्याने "सर, आत्ता तर वारा नव्हता" म्हटलं की ते हँगरमधूनच म्हणायचे, "वारा काय कोनाले इचारीसन येस का?" सपाटीवर खरं आहे ते. डोंगरात मात्र वारा बऱ्यापैकी वेळापत्रकाने येतो. ऊन चढलं की उतार तापतात, हवा उताराने वर सरकते आणि दरी खालची हवा ओढून घेते. म्हणून नेपाळात जोमसोमसारख्या ठिकाणी सकाळचीच उड्डाणं असतात, अकराच्या सुमारास काली गंडकीच्या दरीत वारा सुटतो. आता विचार कर: दरीतून वर वाहणारा वारा, आणि तू दरीतून वर उतरतोयस. म्हणजे वारा पाठीवर. तुझ्याच पुस्तकात तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय, पाठीचा वारा दहा नॉटपर्यंत असेल तर दर दोन नॉटना अंतर दहा टक्के वाढवा. आठ नॉटला चाळीस टक्के. समोरच्या वाऱ्याचा फायदा किती? नऊ नॉटना दहा टक्के. हा भाव लक्षात ठेव, सावकारापेक्षा वाईट आहे.

वाऱ्याचा दुसरा प्रकार डोंगरधारेच्या मागचा. धारेवरून पलीकडे सांडणारा वारा खाली ओढतो आणि त्यात भोवरे असतात. धार ओलांडायची तर सरळ काटकोनात जाऊ नये, पंचेचाळीस अंशांनी तिरकं जावं, म्हणजे खाली ओढलं गेलो तर थोड्याच वळणात माघारी फिरता येतं. पट्टीचं तोंड कड्यावर असेल तेव्हा हाच प्रकार छोट्या प्रमाणात शेवटच्या शंभर मीटरवर होतो. समोरून वारा येतोय म्हणून तू खूश, आणि तोच वारा कड्यावरून खाली सांडतोय, नेमका तुझ्या विमानावर.

इथवर तीन गोष्टी झाल्या: विरळ हवेत शक्ती कमी आणि खरा वेग जास्त, डोळे खाली खेचतात, आणि दिवस चढेल तसा वारा पाठीवर येतो. तिन्ही एकाच जागी येऊन भिडतात, ती म्हणजे माघारी फिरण्याची शेवटची जागा. आम्ही प्रत्येक पट्टीसाठी ती जमिनीवरच्या एखाद्या खुणेने ठरवायचो. एका पट्टीसाठी ती खूण होती प्रार्थनाघराचं पत्र्याचं छप्पर. छप्पर पंखाखाली जाण्याआधी पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत: वेग, उंची, टेकायची जागा काचेत स्थिर, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) मनासारखा, पट्टी मोकळी. एक जरी नसली तर छपराच्या अलीकडेच वळायचं. छप्पर मागे गेलं की मग काहीही होवो, उतरायचं. दोन्ही निर्णय सारखेच ठाम लागतात. अर्धवट निर्णयाला तिथे जागाच नाही.

हे बोलायला सोपं. एकदा छप्पर मागे गेलं आणि पट्टीवर डुक्कर आलं. सपाटीवर कुठलाही शहाणा माणूस फेरी मारेल, माझा हातही थ्रॉटलकडे गेला. पण वर डोंगर. मी उतरलो, टेकल्याबरोबर डावीकडे दाबून चालवलं, उजव्या चाकाने डुकराला चुकवलं की डुकराने चाकाला, देव जाणे. (पापुआत डुक्कर म्हणजे घरची लक्ष्मी. मेलं असतं तर भरपाईच्या बैठका आठवडाभर चालल्या असत्या.) आपल्याकडेही काय वेगळं आहे? शिकवताना फायनलवर, म्हणजे पट्टीसमोरच्या शेवटच्या टप्प्यात असताना पट्टी ओलांडणाऱ्या म्हशी, फिरायला आलेली मंडळी, पतंगामागे धावणारी पोरं, सगळं बघितलंय. फरक इतकाच की इथे फेरी मारता येते.

जमिनीबद्दल फार लिहीत नाही. ओलं गवत ब्रेक खातं, ब्रिटिश नियामक कोरड्या गवताला अंतर पंधरा टक्के आणि ओल्याला पस्तीस टक्के वाढवून धरायला सांगत आला आहे. पट्टी आधी चालून बघावी, किंवा चालून आलेल्याला विचारावं.

दुर्गमतेचा एक अर्थ मात्र आपल्या लोकांना ठाऊक आहे. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात, सातपुड्यात प्रशिक्षणाचं विमान पडलं. प्रशिक्षक गेले, विद्यार्थिनी जखमी झाली. तिला त्या वाटांवरून खाली आणलं ते आजूबाजूच्या आदिवासी बाया-माणसांनी, साडीची झोळी करून. त्या अपघाताच्या कारणात मी शिरत नाही. पण डोंगरात काही झालं तर आधी पोचतो तो पायी येणारा माणूस, आणि त्याला यायला वेळ लागतो. म्हणून उड्डाणाची वाट आणि वेळ खाली कोणाला तरी नेमकी सांगून निघायची सवय आत्तापासून लाव.

तोरणमाळचं म्हणशील तर माझं मत नको असं आहे, निदान तुझ्या-माझ्या विमानांसाठी. पठार ११४३ मीटरवर, म्हणजे पावणेचार हजार फूट. मे मधल्या दुपारी ३६ अंश धरले तर विमानाला ते सात हजारांच्या वर वाटेल. तिथे एकशे बहात्तर मिनिटाला साडेतीनशे-चारशे फूट चढेल, पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. सातपायरी घाट तू गाडीने चढला असशील, तो पाच टक्क्यांचा आहे का? पठाराची कड, कडेवरून सांडणारा वारा, आणि पावसाळ्यात जमिनीवर बसलेले ढग, म्हणजे ऐन गरजेच्या महिन्यांत पट्टी बंद. आजारी माणसाला आणायचं असेल तर हेलिकॉप्टरची चांगली जागा आणि धड रस्ता जास्त कामाचा. हिवाळ्यातल्या सकाळी, योग्य विमान आणि सरावाचा वैमानिक असेल तर वेगळा हिशेब निघू शकतो, ते नाकारत नाही.

"शॉर्ट फील्ड पक्कं असलं की झालं ना?" याचं उत्तर नेपाळच्या नियमातच आहे. लुकलासाठी तिथे आधी शंभर शॉर्ट टेक-ऑफ-लँडिंगची उड्डाणं, नेपाळात अशा पट्ट्यांचा एक वर्षाचा अनुभव, आणि मग खुद्द लुकलात प्रशिक्षकाबरोबर दहा वेळा उतरणं मागतात. फ्रान्समधलं कूर्शवेल, ५३७ मीटर आणि साडेअठरा टक्के चढ, तिथेही वेगळी डोंगरी पात्रता लागते. तुझे सत्तर तास कमी आहेत असं मी म्हणत नाही, ते वेगळ्या गोष्टीचे आहेत.

तरी आजपासून करण्यासारखं काही हवं असेल तर हे कर. पुढच्या उड्डाणाला, प्रशिक्षकाला आधी सांगून, आपल्याच पट्टीच्या अलीकडे एक खूण ठरव, एखादं शेततळं किंवा निंब. ती खूण पंखाखाली जाण्याआधी पाचही गोष्टी मोठ्याने म्हण. एक जरी चुकली तर फेरी मार, लँडिंग छान होणार असं दिसत असलं तरी. पंधरा फेऱ्यांनंतर वहीत बघ, किती वेळा खूण मागे गेल्यावर तू "चालतंय, जमेल" म्हणालास. मी पहिल्यांदा हा सराव केला तेव्हा माझे सहा निघाले होते.